नव्या घरातील लाकूडकाम आणि घरातील हवा

वास्तुशांतीच्या दिवशी नव्या घरात पाऊल ठेवताच एक उग्र वास येतो. नवी कपाटे, नवे दरवाजे व नवा रंग यांचा तो वास असतो. "घर नवे आहे, वास यायचाच," असे म्हणून आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. घटकाभराने तो जाणवेनासा होतो. परंतु वास गेलेला नसतो, नाकाला त्याची सवय झालेली असते. हा वास कोठून येतो आणि त्यापासून कुटुंबाचे रक्षण कसे करावे, याचा विचार येथे केला आहे.

जुने लाकूड व नवी फळी

बडोदे जिल्ह्यातील करजण हा काळ्या जमिनीच्या व कपाशीच्या कानम प्रदेशातील तालुका. या भागातील जुन्या घरांत खांब, तुळया व दरवाजे सागाचे असत. सुतार खाचेत खुंटी बसवून सांधे जोडीत. चिकटविण्याचे काम फार थोडे असे. कौलांच्या फटींतून हवाही खेळती राही. आता अखंड सागवान सर्वांना परवडत नाही. त्यामुळे प्लायवूड, पार्टिकल बोर्ड यांसारख्या फळ्या घरोघरी आल्या आहेत. लाकडाचे पातळ पापुद्रे किंवा भुसा व चुरा चिकटद्रव्यात मिसळून, उष्णता व दाब देऊन या फळ्या तयार करतात. कपाशीच्या पऱ्हाट्यांपासून फळ्या करण्याची पद्धत मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने विकसित केली आहे. टाकाऊ मालाचा हा उपयोग स्वागतार्ह आहे. पण फळी कोणत्याही चुऱ्याची असो, तिला बांधणारे द्रव्य लागतेच आणि प्रश्न त्या द्रव्याचा आहे.

दोष कोठे आहे?

स्वस्त फळ्यांमध्ये बहुधा यूरिया व फॉर्मल्डिहाइड यांपासून बनविलेले चिकटद्रव्य असते. यूरिया शेतकऱ्यांना खत म्हणून परिचित आहे. फॉर्मल्डिहाइड हा वायू आहे; तो पाण्यात विरघळवून केलेले फॉर्मेलिन शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत प्राण्यांचे नमुने टिकविण्यासाठी वापरले जाते. फळी तयार होताना या वायूचा काही अंश मोकळाच राहतो. शिवाय दमट हवेने चिकटद्रव्याचे हळूहळू विघटन होऊन नवा वायू सुटत राहतो. पहिल्या काही महिन्यांत त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. पुढे ते कमी होते, परंतु वर्षानुवर्षे पूर्णपणे थांबत नाही. उष्णता व आर्द्रता वाढली की वायूही वाढतो. वैशाखातील ऊन आणि आषाढातील ओल ज्या प्रदेशात दोन्ही तीव्र असतात, तेथे हे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे. रंग, पॉलिश व थिनर यांतून उडणारी द्रव्ये या वायूत भर घालतात.

एक बोलके उदाहरण

सन २००५ मध्ये अमेरिकेत कॅटरिना नावाचे चक्रीवादळ झाले. बेघर झालेल्या हजारो कुटुंबांना शासनाने चाकांवरची तयार घरे दिली. या लहान, बंदिस्त घरांत भुशाच्या व प्लायवूडच्या फळ्यांचा भरपूर वापर होता. डोळे चुरचुरणे, खोकला व डोकेदुखी अशा तक्रारी येऊ लागल्या. तेथील रोगनियंत्रण केंद्राने डिसेंबर २००७ व जानेवारी २००८ मध्ये ५१९ घरांतील हवा तपासली. फॉर्मल्डिहाइडचे सरासरी प्रमाण हवेच्या दर अब्ज भागांत सुमारे ७७ भाग, तर एका घरात ५९० भाग आढळले. तपासणी थंडीतील होती. म्हणून उन्हाळ्यापूर्वीच कुटुंबांना हलवावे, अशी शिफारस करण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये सांगितलेली मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीने सुमारे ८० भाग इतकी आहे. निवारा देण्याच्या सद्‌हेतूने उभारलेली घरेच त्रासदायक ठरली, हा यातील धडा होय.

आरोग्यावरील परिणाम

डोळ्यांत पाणी येणे, घसा खवखवणे, खोकला व डोकेदुखी ही प्राथमिक लक्षणे होत. लहान मुले, वृद्ध व दम्याचे रुग्ण यांना त्रास अधिक होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला मानवात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य ठरविले. हा धोका मुख्यतः कारखान्यांत दीर्घकाळ त्याच्या सान्निध्यात राहणाऱ्या कामगारांच्या बाबतीत दिसून आला आहे. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही, पण गाफीलही राहू नये. चुलीचा धूर हा घरातील हवेचा याहून मोठा शत्रू आहे, हेही विसरता कामा नये.

घर बांधताना घ्यावयाची काळजी

१. सुतारकाम व रंगकाम संपल्यावर लगेच राहावयास जाऊ नये. मुहूर्त साधावयाचा असल्यास पूजा करावी. परंतु मुक्काम शक्य तितके आठवडे लांबवावा. या काळात कपाटांची दारे व खणही उघडे ठेवावेत.

२. समोरासमोर खिडक्या ठेवून वारा आरपार जाऊ द्यावा. चोरीच्या भीतीने खिडक्या बंद ठेवण्यापेक्षा त्यांना गज व जाळी बसवावी.

३. फळी घेताना तिच्यावरील भारतीय मानकाचा शिक्का पाहावा व वायूचे प्रमाण कमी असलेला, 'ई-१' किंवा 'ई-०' वर्गाचा माल मागावा. उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडमध्ये बहुधा फिनॉलयुक्त चिकटद्रव्य असते. त्यातून वायू बराच कमी सुटतो.

४. कापलेल्या कडांतून वायू अधिक बाहेर पडतो. कपाटाच्या आतल्या व मागच्या कडाही पट्टी लावून बंद कराव्यात.

५. बाळंतिणीची किंवा तान्ह्या मुलाची खोली नव्याने सजवू नये; तेथे जुनेच सामान ठेवावे.

६. वास दडपण्यासाठी उदबत्ती किंवा धूप जाळू नये. त्यामुळे हवा शुद्ध न होता धुराची भर पडते.

७. फळ्या कापण्याचे काम उघड्यावर करावे व सुताराने नाकातोंडावर घट्ट मुखपट्टी बांधावी.

शिक्षकांसाठी

शाळेत नवी बाके किंवा कपाटे आली असता ती सुटीत मांडून खोल्या हवेशीर ठेवाव्यात. विद्यार्थ्यांकडून पुढील नोंदी करून घ्याव्यात: घरातील प्रत्येक खोलीस किती खिडक्या आहेत? त्या समोरासमोर आहेत काय? दिवसातून किती वेळ उघड्या असतात? नव्या वस्तू कोणत्या खोलीत आहेत? या चार प्रश्नांच्या उत्तरांतूनच अनेक घरांचे दोष व त्यांवरील उपाय मुलांच्या ध्यानी येतील.

घरासाठी आपण आयुष्याची पुंजी खर्च करतो. त्या घरात प्रथम वारा वस्तीस जावा, मग माणसांनी जावे. एवढा धीर धरल्यास पैसा न वेचता पुष्कळसा त्रास टळेल.