ह्युमॅनिटीजची क्रेडिट्स ऑनलाइन: आधी हिशेब, मग नोंदणी

इंजिनिअरिंगला आलो म्हणजे अर्थशास्त्र, मानसशास्त्र यांच्यापासून सुटका झाली, असं आपल्याला वाटतं. पण एआयसीटीईच्या २०१८ च्या मॉडेल अभ्यासक्रमात १६० क्रेडिट्सपैकी १२ ह्युमॅनिटीज, सामाजिक शास्त्रे व व्यवस्थापनाची आहेत. यातले काही विषय 'स्वयम' पोर्टलवर करता येतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातल्या अशा विषयांची मर्यादा २० वरून ४० टक्क्यांवर नेली.

एनपीटीईएलचा १२ आठवड्यांचा कोर्स साधारण ३ क्रेडिट्सचा, ८ आठवड्यांचा २ चा. लेक्चर्स फुकट, फी फक्त परीक्षेची, तीही हजाराच्या आसपास.

आता गुणांचं गणित बघू. असाइनमेंटला २५, परीक्षेला ७५. बारापैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात. पास व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्ही स्वतंत्रपणे लागतात. समजा असाइनमेंटमध्ये २२ मिळाले आणि परीक्षेत २८. बेरीज ५०, तरी सर्टिफिकेट नाही! परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते; तिथे मित्राची असाइनमेंट कामी येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोर्टल सर्टिफिकेट देतं, क्रेडिट आपलं कॉलेज देतं. म्हणून नोंदणीआधी विभागप्रमुखांकडून तीन गोष्टी लेखी घ्या: हा कोर्स कोणत्या विषयाऐवजी चालेल, क्रेडिट्स किती, आणि निकाल कधीपर्यंत जमा करायचा. शेवटच्या सत्रातल्यांनी तर तिसरी गोष्ट आधी विचारावी. निकाल उशिरा लागला तर डिग्रीच अडकायची!