सळई सरळ, चित्र वाकडे

भेस्तानला दर रविवारी मी स्थापत्य पदविकेच्या काही मराठी मुलांचा अभ्यास घेतो. बहुतेकांची घरे खानदेशातून सुरतेत आलेली. घरी मराठी किंवा अहिराणी, कामावर गुजराती. सळईला ती 'सळिया' म्हणतात, पोकळीला 'पोलाण'. त्याला माझी हरकत नाही. अडते ते अहवाल लिहिताना.

पुलाच्या स्लॅबवर भूवेधी रडार फिरवून मिळालेला एक आलेख मी त्यांना वाचायला दिला होता. ('भू' हा शब्द पुलावर चुकीचाच, पण 'वेध' नेमका आहे.) एका मुलाने लिहिले, 'आतील सळया कमानीसारख्या वाकल्या आहेत.' आलेखात ओळीने कमानी होत्या, हे खरे. सळया मात्र सरळ होत्या.

रडार काँक्रीटचा फोटो काढत नाही. ते विद्युतचुंबकीय लहर आत सोडते आणि ती परतायला लागलेला वेळ मोजते. आडव्या सळईकडे यंत्र सरकत जाते तसे अंतर घटते, सळईच्या डोक्यावर ते सर्वांत कमी होते, पुढे पुन्हा वाढते. कमान होते ती या अंतराची. सळई असते फक्त तिच्या माथ्याशी.

खोलीचा हिशेब फळ्यावर मांडला. हवेत ही लहर एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जाते, कोरड्या काँक्रीटमध्ये साधारण 10. लहर 1 नॅनोसेकंदात परतली, तर जाऊन-येऊन 10, म्हणजे सळई 5 सेंटिमीटरवर. तेच काँक्रीट ओले असून वेग 8 वर आला असेल, तर त्याच वेळेला खोली निघते 4. यंत्राने वेळ बरोबर मोजली तरी वेग आपण गृहीत धरलेला असतो. म्हणून एखाद्या ठिकाणी छिद्र घेऊन खोली प्रत्यक्ष मोजायची आणि वेग त्यावरून ठरवायचा.

रस्त्याखालीही हीच गोष्ट. डांबराखाली पोकळी असेल तर जोरदार परावर्तन येते. पाणी साचले असेल तरीही येते. आणि सुरतेकडची काळी माती ओली झाली की लहर गिळून टाकते. आलेख खाली कोरा दिसतो. कोरा म्हणजे निर्दोष नव्हे. आपला हात तिथवर पोहोचला नाही, एवढेच.

9 जुलै 2025 रोजी महिसागर नदीवरचा गंभीरा पूल कोसळल्यानंतर मुलांनी विचारले, "सर, रडार फिरवले असते तर कळले असते का?" मी 'हो' म्हणालो नाही. वरून फिरवलेले रडार स्लॅबचा वरचा थर तपासते: सळयांची जागा, आवरणाची जाडी, ओलसर किंवा सुटलेला भाग. स्लॅबखालचे बेअरिंग, पाण्यातला पाया त्याला दिसत नाही. तिथे माणसानेच खाली उतरावे लागते, हातोडी घेऊन. माठ घेताना आपण टिचकी मारतो, आवाज बद्द आला की परत ठेवतो. काँक्रीटवर हातोडी मारून ऐकणे त्याच जातीचे.

त्यामुळे 'रडार तपासणीत पूल सुरक्षित आढळला' हे वाक्य मी वर्गात खोडतो. काय तपासले, किती खोलीपर्यंत, काय तपासता आले नाही, हे तिन्ही लिहायला लावतो. त्या मुलाने दुसऱ्यांदा लिहिले: 'सळया अंदाजे 5 सें.मी. खोलीवर. वेग गृहीत धरला आहे. छिद्र घेऊन खात्री करावी. बेअरिंग व पाया तपासलेले नाहीत.'