पहिली सिगारेट कोण देते?

बारावीचा निकाल लागला की आपल्या शाळेची मुले महाविद्यालयात जातात. काही इंदुरातच राहतात, काही पुणे किंवा भोपाळच्या वसतिगृहात राहू लागतात. सिगारेटशी पहिली गाठ पुष्कळदा याच वयात पडते. भारतात २०१६-१७ साली झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात तंबाखू सुरू करण्याचे सरासरी वय १८.९ वर्षे आढळले. म्हणून अकरावी-बारावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक, दोघांसाठी आम्ही हा पाठ लिहीत आहोत.

सिगारेटने कर्करोग होतो हे कॉलेजच्या मुलांना माहीत नसते का? असते. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या सूचनेने व्यापलेला आहे. तरीही मुले ओढू लागतात. म्हणजे कारण अज्ञानाच्या पलीकडे शोधायला हवे.

सामाजिक कारणे

पहिले कारण मित्र. पहिली सिगारेट मुलगा सहसा स्वतः विकत घेत नाही, कोणीतरी ती पुढे करतो. भंवरकुआँसारख्या विद्यार्थ्यांच्या वस्तीत चहाची गुमटी हीच बैठक असते. तिथे 'नाही' म्हणणे म्हणजे मैत्री नाकारणे, असे नव्या मुलाला वाटते. त्यातून सिगारेट सुटी मिळाली, तर पाकिटावरचे चित्र डोळ्यांसमोर येतच नाही.

दुसरे कारण चुकीचा अंदाज. "सगळेच ओढतात" हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. वरील सर्वेक्षणात सिगारेट ओढणारे प्रौढ शंभरात सुमारे चार होते. विडी व इतर प्रकार धरूनही सुमारे अकरा. गुमटीवर ओढणारे दिसतात. न ओढणारे वाचनालयात, मैदानावर, घरी असतात, म्हणून मोजणीत येत नाहीत.

तिसरे कारण घर आणि भोवतालचे जग. वडील किंवा काका ओढत असतील तर मुलाला त्यात वावगे वाटत नाही. २००१ पर्यंत भारतीय क्रिकेट संघाच्या शर्टावर 'विल्स'चे नाव झळकत असे. २००३ च्या कायद्याने अशा जाहिराती बंद केल्या. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री करणे यांवरही त्याच कायद्याने बंदी घातली. तेव्हा मुलाला दुकानावर सिगारेट आणायला पाठवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी याचा विचार करावा.

वैयक्तिक कारणे

कुतूहल, मोठे झाल्याचा आव, एकटेपणा, परीक्षेचा ताण ही कारणे प्रत्येकाची वेगळी. यांपैकी ताणाचे कारण नीट समजून घेऊ. धुरातील निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि बरे वाटते. सवय जडली की एक-दोन तासांत त्याचे प्रमाण उतरते आणि अस्वस्थता येते. पुढची सिगारेट ती अस्वस्थता घालवते. मुलाला वाटते, ताण गेला. प्रत्यक्षात गेलेली असते ती आधीच्या सिगारेटनेच आणलेली बेचैनी. परीक्षेचा पेपर होता तसाच समोर असतो.

संगतीची दुसरी बाजू

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी सुरू झालेल्या हृदयरोगाच्या अभ्यासातून १२,०६७ माणसांची १९७१ ते २००३ पर्यंतची माहिती ख्रिस्ताकिस आणि फाउलर या संशोधकांनी तपासली. २००८ साली त्यांनी निष्कर्ष मांडला. मित्राने सिगारेट सोडली की आपण ओढत राहण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी घटते. पती किंवा पत्नीने सोडली तर ६७ टक्क्यांनी. माणसे गटागटाने सोडत होती. म्हणजे संगत जशी सवय लावते, तशी ती सोडवतेही. तुमचा एक नकार तुमच्या शेजारी बसलेल्या मुलालाही बळ देतो. तोही कदाचित संकोचानेच गप्प असतो.

विद्यार्थ्यांनो, नकाराचे वाक्य आधीच ठरवून ठेवा. "नहीं भाई, मैं बस चाय लूँगा" एवढे पुरे. उपदेश नको, भांडण नको. पालकांनो, मुलाच्या कपड्यांना वास आला तर आधी ओरडू नका. कोणाबरोबर बसतोस, झोप लागते का, अभ्यास जड जातो का, हे विचारा. सवय लागली असेल तर १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर सल्ला विनामूल्य मिळतो. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी आढळले, पण तिशीपर्यंत सोडणाऱ्यांचे हे नुकसान जवळजवळ पूर्ण टळले. उशीर झालेला नाही.

स्वाध्याय

१. तुमच्या ओळखीच्या वीस जणांची यादी करा. त्यांतले किती जण ओढतात? आधी अंदाज लिहा, मग मोजा.
२. नकाराचे तुमचे वाक्य लिहा आणि मित्राबरोबर म्हणून पाहा.
३. घरातील कोणी ओढत असेल तर त्यांना विचारा: तुम्हाला पहिली सिगारेट कोणी दिली?