शब्दांना कुलूप लागते का?

‘तेल’ हा शब्द ‘तीळ’ या शब्दापासून आला. संस्कृतात ‘तैल’ म्हणजे मुळात तिळापासून निघालेले. आज आपण खुशाल ‘खोबऱ्याचे तेल’ म्हणतो आणि त्यात तीळ शोधत बसत नाही. भाषा शतकानुशतके असंख्य तोंडांतून फिरली की असे होणारच. पण एकाच माणसाने नियम आखून भाषा तयार केली तर? तिचे शब्द तरी जागचे हलणार नाहीत ना?

हा प्रयोग खरोखर झालेला आहे. आज पोलंडमध्ये असलेले ब्यालिस्तोक हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तेथे जन्मलेल्या लुडविक झामेनहोफ या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८८७ साली ‘आंतरराष्ट्रीय भाषा’ प्रसिद्ध केली. पुस्तकावर टोपणनाव घातले ‘डॉक्टर एस्पेरांतो’. ‘एस्पेर’ म्हणजे आशा करणे, ‘आंत’ म्हणजे करणारा, आणि शेवटचा ‘ओ’ ही नामाची खूण. म्हणजे ‘आशा करणारा’. लोकांनी हे टोपणनावच भाषेला चिकटवले. पाहा, अर्थ सरकायला सुरुवात झालीच!

शब्दांचे धातू झामेनहोफ यांनी बहुतेक युरोपीय भाषांतून घेतले, पण काहींचे काम बदलले. फ्रेंचमध्ये ‘माल’ म्हणजे वाईट. एस्पेरांतोत तो नुसता ‘उलट’ दाखवणारा उपसर्ग झाला. ‘साना’ निरोगी, ‘मालसाना’ आजारी. व्यक्तीसाठी ‘उल’ जोडा, ‘मालसानुलो’ म्हणजे रोगी. जागेसाठी ‘एय’ जोडा, ‘मालसानुलेयो’ म्हणजे इस्पितळ. इवल्याशा धातूवर केवढी इमारत!

१९०५ साली फ्रान्समधील बुलोन येथे पहिली जागतिक एस्पेरांतो परिषद भरली. झामेनहोफ यांनी व्याकरण आणि पाच भाषांत अर्थ दिलेला शब्दसंग्रह एका ग्रंथात घातला होता. या ग्रंथात कोणीही फेरफार करू नये, असे तेथे ठरले. जणू भाषेच्या पेटीला कुलूपच!

व्याकरण त्या कुलपात बरेचसे टिकले. अर्थ मात्र फटीतून निसटले. ‘शाती’ हे क्रियापद घ्या. त्या ग्रंथात त्याचा अर्थ ‘मोल जाणणे, कदर करणे’ असा आहे. आज एस्पेरांतो बोलणारी मुले चॉकलेटलाही ‘शाती’ लावतात. अर्थ एवढाच, की चॉकलेट आवडते. यात कोणाची चूक झाली असे मला वाटत नाही. रोजच्या बोलण्यात ‘आवडणे’ला सुटसुटीत शब्द हवा होता, तो लोकांनी हाताशी होता त्यातून घेतला.

आता तुम्ही सांगा, ‘मालशाती’ म्हणजे काय? उत्तरे दोन काढा : एक १९०५ सालचे, एक आजचे.