वहीचं काय केलंस?

लालबाग, 16 ऑगस्ट 2021

चि. सुधीर यास काकाचे अनेक आशीर्वाद.

गणपतीला गावी येण्याच्या गाडीची चौकशी करायला परवा मंडळात गेलो होतो. आपल्या वाडीतला एक जण चारचौघांत म्हणाला, "तुमच्या पुतण्याने उधारीची वही जगबुडी नदीत सोडून दिली!" सगळे हसले, मीही हसलो. पण त्याने पुढे जे सांगितलं, ते ऐकून रात्री घास गिळवेना. नवा माल भरायला सूनबाईच्या पाटल्या गहाण ठेवल्यास म्हणे. खरं आहे का हे?

22 जुलैला पेठेत पाणी शिरलं, साखरेचं पाणी झालं, तांदळाची पोती फुगून उसवली, हे तूच फोनवर सांगितलंस. वही भिजून लगदा झाली असती तर मी अक्षर बोललो नसतो. पण लोक म्हणतात, वही माळ्यावर कोरडी ठणठणीत होती आणि तूच गिऱ्हाइकांना सांगत सुटलास, "गेली, आता नव्याने लिहू." अरे, दीड वर्षाची उधारी! लॉकडाऊनमध्ये लोटे एमआयडीसीतले कंत्राटी कामगार घरी बसले, चाकरमानी परत आले, तेव्हापासूनची. दादाने ते दुकान कसं उभं केलं, ते तुला मी काय सांगायचं? दानधर्म करायचा तर स्वतःच्या खिशातून करावा, बायकोच्या हातातलं काढून नव्हे.

पोसऱ्याला दरड कोसळून 17 माणसं गेली, तेव्हा दुकानातला गाळ तसाच टाकून तू तिकडे धावलास. त्याबद्दल माझी छाती फुगते. पण अंगमेहनत निराळी नि गहाणवट निराळी. सोनाराचं व्याज पूर बघून थांबत नाही.

मी एवढा का चिडतो, ते ऐक. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. बरेच जण गावी गेले. मी मात्र आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत इथेच राहिलो. आमची खानावळवाली मावशी तुला ऐकून ठाऊक आहे, दादाही तिच्याकडेच जेवायचा. तिला लिहिता येत नव्हतं. प्रत्येकाचं एक पान, जेवणाला उभी रेघ, रविवारच्या फिस्टला गोल. संपात गोल बंद झाले, रेघा चालू राहिल्या. बांगडा गेला, कालवण पातळ झालं, पण ताटावरून तिने कुणाला उठवलं नाही. अशा बायका सोनं गहाण ठेवून सावकाराचे पैसे उचलत आणि किराणा भरत. प्रेमाताई पुरवांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कित्येकींना बँकेचं कर्ज मिळू लागलं. आमची मावशी त्यांत होती का, मी कधी विचारलं नाही. कुणाच्या सोन्यावर मी जेवलो, मला आजही ठाऊक नाही.

गिरणीत परत घेतलं नाहीच. पुढे वॉचमनची नोकरी लागली. एकदा भारतमाता टॉकीजसमोर मावशी येताना दिसली आणि मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. निम्मे तरी देता आले असते रे. नंतर ती खोली विकून गेली असं कळलं.

म्हणून पाटल्यांचं पुन्हा पुन्हा विचारतो. देणारी बाई घरात काय सोसत होती, ते आम्हा जेवणाऱ्यांना दिसलं नाही. सूनबाईने आपणहून दिल्या का? की तू मागितल्यावर तिला नाही म्हणवलं नाही?

काल रात्री मात्र दुसरंच मनात आलं. वही गेली असं तू म्हणालास, म्हणून ती माणसं उद्या तुझ्या दुकानावरून मान वर करून जातील. मावशीने तसं म्हटलं असतं तर मी रस्ता ओलांडला नसता. आणि तू म्हणालास ना, गाळ उपसून आलो की अशी झोप लागते, जशी धंदा तेजीत असताना कधी लागली नाही? लागू दे. मला ती झोप मिळालेली नाही.

पंचनाम्याची प्रत तलाठ्याकडून घेऊन ठेव. घाऊकवाल्याला स्वतः जाऊन भेट, तोंड चुकवू नकोस. सोनाराची पावती गणपतीत माझ्या हातात दे. काकूशी बोललोय, तिने आमची ठेव मोडायला आनंदाने होकार दिलाय. यावर वाद घालू नकोस. सूनबाईच्या पायांना चिखल्या झाल्यात म्हणे. तिला चार दिवस पाण्यात उभी करू नकोस, आणि रात्री खोबरेल तेलात हळद कालवून तूच लाव.

तुझा,
काका