तत्काळच्या रांगेतला बहुरूपी

प्रश्न : पुण्याला जाणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसचं स्लीपरचं तत्काळ तिकीट काढायला मी सकाळी ११ च्या ठोक्याला मोबाइल घेऊन बसतो. नावं भरून होईस्तोवर वेटिंग लागलेलं असतं. इथला एक एजंट म्हणतो, ‘आमचं सॉफ्टवेअर वेबसाइटला ओळखूच येत नाही.’ यंत्र स्वतःला माणूस म्हणून खपवतं तरी कसं? ते पकडता येत नाही का?
— एक वाचक, मलकापूर

उत्तर : पकडता येतं, आणि रोज मोठ्या संख्येने पकडलंही जातं. तरी एजंटच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. ते समजून घ्यायचं तर आधी हे सॉफ्टवेअर म्हणजे काय ते पाहू.

तो असतो तुमच्या-आमच्यासारखाच ब्राउझर, बहुतेकदा क्रोमच. फरक इतकाच की त्याची बटणं माणूस दाबत नाही, एक प्रोग्रॅम दाबतो. असे प्रोग्रॅम लिहिण्याची साधनं चोरीसाठी बनलेली नाहीत. सेलेनियम २००४ मध्ये शिकागोच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत जन्मलं, ते वेबसाइट तपासण्यासाठी. नवी वेबसाइट लोकांसमोर जाण्याआधी तिचा प्रत्येक फॉर्म, प्रत्येक बटण शेकडो वेळा दाबून पाहावं लागतं, आणि ते कंटाळवाणं काम यंत्राने करावं हा हेतू. पुढे २०१७ मध्ये गूगलने पपेटिअर आणलं, २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने प्लेराइट. जगभरातले टेस्टर आज याच साधनांवर पोट भरतात. दलालांच्या हाती लागलं ते हेच तंत्र.

ही साधनं मुळात प्रामाणिक आहेत. वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये जे मानक पक्कं केलं, त्यात प्रोग्रॅमच्या ताब्यातल्या ब्राउझरने तसं सांगावं अशी सोय आहे. ‘वेबड्रायव्हर’ नावाची एक खूण असते. वेबसाइटने विचारलं की उत्तर येतं, ‘हो, मला यंत्र चालवतंय.’ लपू पाहणारा सगळ्यात आधी ही खूण पुसतो. पडद्यावर खिडकी न उघडता चालणारा क्रोम स्वतःची ओळख सांगताना ‘हेडलेस’ हा शब्द उच्चारायचा, तो शब्दही गाळला जातो. इथवर सगळं सोपं आहे, आणि नवशिका इथेच थांबतो.

खरी झडती पुढे सुरू होते. गावात पोलिसाचा वेश करून आलेला बहुरूपी टोपी-पट्ट्याने फसवतो, पण जाणत्याची नजर त्याच्या पायताणावर जाते. वेबसाइटही तेच करते, ती विसंगती शोधते. ब्राउझर म्हणतो, ‘मी साधा घरगुती लॅपटॉप आहे’, पण त्याला एखादं चित्र रेखाटायला सांगितलं की कळतं, आत ग्राफिक्स कार्डच नाही. प्रोसेसरच चित्र काढतोय, म्हणजे हा कुठल्या तरी सर्व्हरवर बसलाय. तो म्हणतो, ‘मी भारतात आहे’, आणि त्याचं घड्याळ साडेपाच तास मागे असतं. घरच्या संगणकावर फाँटची गर्दी असते, याच्याकडे मोजकेच. अशा बारीकसारीक गोष्टी एकत्र केल्या की प्रत्येक ब्राउझरचा जणू अंगठ्याचा ठसा तयार होतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०१० मध्ये केलेल्या प्रयोगात तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३ टक्क्यांहून अधिकांचा ठसा दुसऱ्या कुणाशीही जुळला नव्हता.

लपणाऱ्याने खोटी उत्तरं पेरली तर? पेरतातच. पण ब्राउझरच्या मूळच्या फंक्शनच्या जागी स्वतःचं बसवलं की त्या बदलाचीच खूण राहते. त्या फंक्शनला ‘तुझा मजकूर दाखव’ म्हटलं, तर अस्सल फंक्शन एक ठरावीक उत्तर देतं आणि बनावट फंक्शन आपलं पोट उघडं करतं. तेही झाकता येतं, मग ते झाकल्याची खूण राहते. हा खेळ अनेक वर्षं चाललाय, आणि दोन्ही बाजूंना पगारी माणसं आहेत.

याखेरीज दोन पातळ्या आहेत. पहिली जोडणीची. पान उघडण्याआधीच ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात गुप्तलेखनाची बोलणी होतात, आणि त्यांची धाटणी क्रोमची वेगळी, साध्या प्रोग्रॅमची वेगळी. ही धाटणी नोंदवण्याची एक सुटसुटीत पद्धत २०१७ मध्ये सेल्सफोर्सच्या अभियंत्यांनी जाहीर केली, आणि तोंडाने क्रोम म्हणवणारी बरीच यंत्रं तिथे उघडी पडली. शिवाय विनंती इंटरनेटच्या कुठल्या पत्त्यावरून आली हेही पाहिलं जातं. डेटा सेंटरचा पत्ता असेल तर संशय. म्हणून लपणारे घरगुती जोडण्यांचे पत्ते भाड्याने घेतात. त्यातले काही अशा लोकांचे असतात, ज्यांनी फुकटचं ॲप टाकलं आणि आपला फोन परक्याची वाट बनलाय याचा त्यांना पत्ताच नाही.

दुसरी पातळी वागण्याची. माउस किती सरळ सरकला, दोन अक्षरांमध्ये किती वेळ गेला, पान वाचायला थांबला का. वेडीवाकडी अक्षरं ओळखण्याच्या कॅप्चावर आता फारशी भिस्त ठेवता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन शाखेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं की कॅप्चा सोडवण्यात यंत्रं माणसांपेक्षा जलद आणि अचूक ठरतात.

आता तुमच्या तिकिटाकडे येऊ. फेब्रुवारी २०२० मध्ये रेल्वे सुरक्षा दलाने सुमारे ६० दलाल पकडले. त्यांच्याकडे एएनएमएस, मॅक, जग्वार अशा नावांची सॉफ्टवेअर होती. सुरक्षा दलाचा तेव्हाचा हिशेब असा : साध्या माणसाला एका तिकिटाला २.५५ मिनिटं लागतात, या सॉफ्टवेअरला १.४८. तुमच्या हातून बर्थ निसटतो तो एवढ्या फरकात. जून २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने सांगितलं, की तत्काळ सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत यंत्रांचे असतात, आणि संशयास्पद ठरलेली अडीच कोटी खाती बंद केली आहेत. यंत्र ओळखणारी नवी यंत्रणाही बसवली.

माझं मत स्पष्ट आहे : नुसत्या चेहरा ओळखण्याच्या बळावर ही शर्यत कधी जिंकता येणार नाही. घाईचा फायदा काढून घेणारे नियम जास्त कामाचे. १ जुलै २०२५ पासून वेबसाइट आणि ॲपवरचं तत्काळ तिकीट आधार पडताळणी झालेल्यांनाच मिळतं. १५ जुलैपासून आधारचा ओटीपी लागतो. अधिकृत एजंटांनाही एसीसाठी १० ते १०.३० आणि बिगर-एसीसाठी ११ ते ११.३० या वेळेत तत्काळ काढायला बंदी आहे. यंत्र कितीही बेमालूम माणूस दिसलं, तरी तुमच्या फोनवर आलेला ओटीपी त्याच्याकडे नसतो.

म्हणूनच दलाल आता तो तुमच्याकडेच मागतात. देऊ नका. आयआरसीटीसीचं खातं आणि पासवर्डही देऊ नका. त्या खात्यावरून गैरप्रकार झाला तर नाव तुमचं निघेल. तक्रारीसाठी रेल्वेचा १३९ हा क्रमांक आहे.

प्रश्न : मी तर साधी मोबाइल वापरणारी बाई. मग मलाच सारखं ‘मी रोबो नाही’ हे का सिद्ध करायला लावतात?
— एक वाचक, लोणार

उत्तर : ताई, यात तुमचं काहीच चुकत नाही. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते आहेत फक्त ४२९ कोटींच्या आसपास, आणि जगात फोन त्याहून अधिक. त्यामुळे मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. त्यातल्या एकाने यंत्र चालवून गोंधळ घातला, की तो पत्ताच संशयाच्या यादीत जातो आणि झडती तुमची होते. शहरात ज्यांच्या घरी फायबर आहे, त्यांना हा जाच कमी. खेड्यात सगळा कारभार मोबाइलवर, म्हणून तिथे जास्त. जुना फोन, जुना ब्राउझर असला तर संशय आणखी वाढतो. दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडरच्या मदतीने पान वाचतात. त्या माउस फिरवत नाहीत, कीबोर्डच्या किल्ल्यांनी उड्या मारत जातात, आणि ते वागणं काही यंत्रणांना यंत्रासारखं भासतं.

मला ही गोष्ट फार टोचते. सरकारी वेबसाइट बनवणाऱ्यांनी बंदोबस्त किती कडक याच्या आधी हे मोजायला हवं, की तो किती खऱ्या माणसांना दारातून परत पाठवतोय. पीक विम्याचा फॉर्म शेवटच्या तारखेला अडला तर त्याची भरपाई कुणी करत नाही. तूर्त एवढं करा : ब्राउझर अद्ययावत ठेवा, अनोळखी फुकट ॲप काढून टाका, आणि फारच अडलं तर विमान मोड सुरू करून बंद करा, पुष्कळदा त्याने पत्ता बदलतो.

प्रश्न : मी शेगावला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. खामगाव बाजार समितीतले सोयाबीनचे भाव रोज आपोआप गोळा करून वडिलांना पाठवावेत असा प्रोग्रॅम लिहायचा आहे. ब्राउझर ‘लपवण्याची’ तयार साधनं मिळतात. ती वापरणं गुन्हा आहे का?
— एक विद्यार्थी

उत्तर : ब्राउझर प्रोग्रॅमने चालवणं हा गुन्हा नाही. अधिकार नसताना रेल्वे तिकिटांचा धंदा करणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. हे कलम ऑनलाइन तिकिटांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरणं, त्याची सेवा बंद पाडणं यासाठी माहिती तंत्रज्ञान कायदा आहे.

पण तुम्हाला लपायची गरजच काय? वेशांतराची साधनं शिकण्यात महिने घालवाल, आणि पलीकडच्याने एक बदल केला की सगळं पाण्यात. वेबवर याची जुनी, सभ्य रीत आहे. १९९४ पासून संकेतस्थळं ‘रोबोट्स.टीएक्सटी’ नावाची एक फाइल ठेवतात. यंत्राने कुठे यावं, कुठे येऊ नये ते तिच्यात लिहिलेलं असतं. ती आधी वाचा. प्रोग्रॅमच्या ओळखीत स्वतःचं नाव आणि ईमेल लिहा, म्हणजे काही त्रास झाला तर समोरचा तुम्हाला कळवू शकेल. दोन विनंत्यांमध्ये थांबा. भाव दिवसातून एकदा बदलतात, मिनिटामिनिटाला विचारू नका.

आणि बाजारभावांसाठी तर ब्राउझर चालवण्याचीही आवश्यकता नाही. केंद्र सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर देशभरच्या बाजार समित्यांचे रोजचे भाव प्रोग्रॅमला थेट वाचता येतील अशा रूपात ठेवलेले असतात. नोंदणी करून प्रोग्रॅमसाठीची किल्ली घ्या आणि कामाला लागा.