आधीं काय, मग काय?
वाचनांतील क्रम समजून घेण्याविषयीं एक पाठ



अक्षरें ओळखणें ही एक गोष्ट; आणि वाचलेल्या मजकुरांतील गोष्टी कोणत्या क्रमानें घडल्या, किंवा कोणत्या क्रमानें करावयाच्या, हें ओळखणें ही दुसरी. पहिली साधली कीं दुसरी आपोआप साधते असें पुष्कळांस वाटतें. परंतु तसें होत नाहीं. मुलगा धडा घडाघडा वाचतो, आणि "यांत सर्वांच्या आधीं काय झालें?" असें विचारतांच धड्याच्या पहिल्या ओळींतील गोष्ट सांगतो. प्रौढ माणसेंहि असेंच करितात. यास्तव या पाठांत आम्ही एकच गोष्ट मांडणार आहों: सांगण्याचा क्रम आणि घडण्याचा क्रम हे निरनिराळे असूं शकतात, आणि घडण्याचा क्रम वाचकानें स्वतः शोधून काढावयाचा असतो.

प्रथम आपल्या जिल्ह्याचेंच उदाहरण घेऊं. पुढील मजकूर वाचा:

"वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यापासून वेगळा झाला. परंतु वाशिमास जिल्ह्याचा मान मिळण्याची ती पहिली वेळ नव्हती. १९०५ सालीं वऱ्हाडांतील जिल्ह्यांची फेररचना होईपर्यंत बासीम या नांवाचा स्वतंत्र जिल्हा होता. तो मोडून त्याचे वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोला जिल्ह्यास, आणि पुसद तालुका यवतमाळ जिल्ह्यास जोडण्यांत आला."

यांत जी गोष्ट सर्वांच्या शेवटीं घडली तीच सर्वांच्या आधीं सांगितली आहे. खरा क्रम असा: आधीं बासीम जिल्हा होता, मग १९०५ सालीं तो मोडला, मग वाशीम अकोल्यांत राहिलें, शेवटीं १९९८ सालीं पुन्हां जिल्हा झाला. येथें सालें दिलेलीं असल्यामुळें क्रम लावणें सोपें गेलें.

परंतु जेथें सालें नसतात तेथें काय करावें? मार्काच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय पाहा. तेथें हेरोद राजा येशूची कीर्ति ऐकतो, आणि ज्या योहानाचा आपण शिरच्छेद करविला तोच उठला आहे असें त्यास वाटतें. त्यानंतर शुभवर्तमानकार मागें वळून योहानाची कैद, राजाच्या वाढदिवसाची मेजवानी आणि तो शिरच्छेद यांची हकीकत सांगतो. जो श्रोता सांगण्याचा क्रम हाच घडण्याचा क्रम समजेल त्याचा येथें गोंधळ उडेल. वाचणाऱ्याजवळ पुस्तक असतें, तो पान उलटून मागें पाहूं शकतो. ऐकणाऱ्यास तेवढीहि सोय नाहीं. म्हणून उपदेशक बंधूंनीं असा भाग मोठ्यानें वाचतांना क्षणभर थांबावें, आणि "ही पूर्वीं घडलेली हकीकत आहे" एवढें सांगून मग पुढें जावें.

आतां आपल्या भाषेंतील लहान शब्द पाहूं, कारण क्रमाचा भार तेच वाहतात. "हात धुऊन जेवावें" यांत 'धुऊन' हें काम आधींचें. "जेवतांना बोलूं नये" यांत दोन्हीं कामें एकाच वेळचीं. "पाऊस पुरेसा झाल्याखेरीज पेरूं नये" यांत पाऊस ही अट आहे. ती पुरी झाली नाहीं तर पुढचें पाऊल टाकावयाचेंच नाहीं. आणि "पेरणीपूर्वीं बीजप्रक्रिया करावी" यांत 'पेरणी' हा शब्द कानीं आधीं पडतो, पण काम मागाहून करावयाचें असतें. 'पूर्वीं', 'नंतर', 'पर्यंत', 'झाल्यावर', 'मगच' असे शब्द आले कीं त्यांखालीं पेन्सिलीनें रेघ ओढावी आणि प्रत्येकास विचारावें: कशाच्या पूर्वीं? कशाच्या नंतर?

हा प्रश्न केवळ शाळेपुरता नाहीं. आपल्या भागांत सोयाबीनचा पेरा मोठा आहे. समजा, एखाद्या पत्रकांत असा मजकूर आहे:

"पेरणीच्या दिवशीं बियाण्यास रायझोबियम चोळून तें सावलींत सुकवावें. त्यापूर्वीं बुरशीनाशक व नंतर कीटकनाशक लावून झालेलें असावें. उगवणशक्ति तपासल्याखेरीज यांपैकीं कांहींच करूं नये. औषध हाताळण्यापूर्वीं हातमोजे घालावे."

घाईनें वाचणारा शेतकरी आधीं रायझोबियम चोळील. शिवाय दुसऱ्या वाक्यांत एक फसवी जागा आहे. 'नंतर कीटकनाशक' म्हणजे कशाच्या नंतर? रायझोबियमच्या नंतर नव्हे, बुरशीनाशकाच्या नंतर. मजकुरांत शेवटीं आलेल्या दोन्हीं सूचना कामांत मात्र आधींच्या आहेत. नीट लावलेला क्रम असा होतो:

१. शंभर दाणे ओल्या गोणपाटांत ठेवून उगवण पाहणें. सत्तर वा अधिक उगवले तर बियाणें पेरणीस योग्य.
२. हातमोजे घालणें.
३. बुरशीनाशक लावणें.
४. कीटकनाशक लावणें.
५. हें सुकल्यावर, पेरणीच्या दिवशीं, रायझोबियम चोळणें. सामान्यतः दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम.
६. सावलींत सुकवून लगेच पेरणें.

या क्रमास कारण आहे, आणि कारण समजलें म्हणजे क्रम विसरत नाहीं. रायझोबियम हे जिवंत जीवाणु होत. ते सोयाबीनच्या मुळांवर गांठी करून हवेंतील नत्र झाडास मिळवून देतात. त्यांवर मागाहून विषारी औषध चोळलें तर ते मरतात. तीव्र उन्हांत ठेवले तरीहि मरतात. म्हणून विष आधीं आणि जीव शेवटीं. येथें वाईट हें कीं चूक लगेच दिसत नाहीं. बियाणें उगवतें, शेत हिरवें दिसतें, आणि खर्च व श्रम कोठें वायां गेले हें घरांत कोणासच कळत नाहीं. ज्यास खात्री करावयाची असेल त्यानें पेरणीनंतर पांच-सहा आठवड्यांनीं एखादें झाड मुळांसकट हळूच उपटावें आणि गांठी कापून पाहाव्या. आंत गुलाबी रंग असला तर जीवाणु काम करीत आहेत.

हातमोज्यांची सूचना तर त्याहून गंभीर आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर मरण पावले. त्या दुःखाचीं कारणें अनेक होतीं, आणि सर्व दोष वाचनावर घालणें अन्यायाचें होईल. तरी विषाच्या डब्यावरील सावधगिरीच्या सूचना डबा उघडण्यापूर्वीं संपूर्ण वाचाव्या, हा धडा आपण त्यापासून घेतलाच पाहिजे.

हें शिकविण्याची रीत सोपी आहे. मजकुरांतील एकेक काम निराळ्या चिठीवर लिहावें. चिठ्या मिसळून मंडळींतील पांच-सहा जणांस वांटाव्या आणि त्यांस क्रमानें उभें राहण्यास सांगावें. मग प्रत्येकास विचारावें, "तूं याच्या मागें कां उभा?" ज्यास कारण सांगतां येईल त्यास मजकूर समजला. ज्यास वाचतां येत नाहीं त्यानेंहि यांत सामील व्हावें. त्याची चिठी शेजाऱ्यानें वाचून दाखवावी. पुष्कळदां शेतीचें कारण हाच मनुष्य सर्वांहून चांगलें सांगतो, आणि त्याच्यापासून वाचणारे शिकतात.

अभ्यासासाठीं प्रश्न
१. वाशीम जिल्ह्याविषयींच्या मजकुरांतील कोणत्या शब्दांवरून मागील काळाची गोष्ट आरंभ होते हें कळतें?
२. सोयाबीनच्या पत्रकांतील 'त्यापूर्वीं' म्हणजे कशाच्या पूर्वीं?
३. मार्काच्या सहाव्या अध्यायांतील योहानाची हकीकत घडल्या क्रमानें आपल्या शब्दांत सांगा.
४. घरांतील एखाद्या औषधाच्या डब्यावरील सूचना घ्या. शेवटीं लिहिलेली पण आधीं करावयाची सूचना त्यांत आहे काय, तें शोधा.

या आठवड्यांत प्रत्येक घरीं निदान एक कागद अशा रीतीनें वाचला जावो. ज्याच्या घरीं कोणी वाचणारा नसेल त्याच्याकडे वाचणाऱ्यानें आपण होऊन जावें, आणि काम आरंभण्यापूर्वीं तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत त्यास वाचून दाखवावा.